दाराबाहेरचा कांदा

आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, भरपूर कांदा घातलेला झुणका असं पोटभर खायचं आणि एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांद्याला घरात थारा द्यायचा नाही, हा रिवाज ज्या घरांनी पाळला तिथल्या मुलांनी एक प्रश्न कधी ना कधी विचारलेला असतो. परवा चालला तो कांदा आज का चालत नाही? मोठी माणसं उत्तरं देतात : पावसाळ्यात पचत नाही, तामसी असतो, देवाला आवडत नाही, आपल्यात खात नाहीत. ही उत्तरं एका दमात दिली जातात म्हणून ती एकच वाटतात. पण पहिलं वैद्यकाचं आहे, दुसरं मनाच्या शिस्तीचं, तिसरं भक्तीचं आणि चौथं जातीचं. त्यांची सरमिसळ झाली की व्रत कुठे संपतं आणि विटाळ कुठे सुरू होतो हे कळेनासं होतं. मला वाटतं, आपल्या धर्मजीवनातलं पुष्कळ दुःख या सरमिसळीतून आलेलं आहे.

मी महाविद्यालयात संस्कृत आणि पाली शिकवलं. वाईला, कृष्णेकाठच्या एका सोवळं पाळणाऱ्या घरात सून म्हणून आले, तेव्हा कांदा चिरायची विळी वेगळी आणि ती माजघराच्या उंबऱ्याआत यायची नाही, हे पहिल्याच दिवशी समजलं. पुस्तकातला निषेध आणि घरातला निषेध हे दोन्ही मी जवळून पाहिले. त्यांचा पुन्हा मुळापासून विचार करायला लावलं ते मात्र जपानातल्या एका कांद्यानं.

माझी लेक क्योतोत राहते. तिच्या गल्लीत घरांना अंगण असं नाहीच. शेजारच्या आजी उंबऱ्याबाहेर भिंतीला लागून थर्माकोलची खोकी मांडतात आणि त्यांत नेगी लावतात. नेगी हा आपल्याकडचा पातीचा कांदा नव्हे. आपली पात म्हणजे गड्डा धरण्याआधी उपटलेला नेहमीचाच कांदा. नेगी म्हणजे शास्त्रीय नावानं एलियम फिस्टुलोसम. तो गड्डा असा धरतच नाही. बुडाशी पांढरा, सरळ दांडा असतो, त्याला बाजूनं फुटवे येतात, एकाचं बघता बघता बेट होतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. आजी कात्रीनं मातीपासून दोन बोटं वर पात कापतात. बूड मातीत राहतं आणि पुन्हा फुटतं.

त्यांनी दिलेली जुडी मी ओट्यावर घेतली तेव्हा पाहिलं : पान पोकळ, नळीसारखं, वर राखाडी मेणचट लव. बोटानं पुसली की खालचा हिरवा रंग एकदम गडद दिसतो. चिरलं की आतून पारदर्शक, बुळबुळीत रस सुटतो. क्योतोच्या कुजो भागातला नेगी नावाजलेला आहे. थंडीत त्यात हा रस जास्त धरतो आणि पात गोड होते. वसंतात आजी एक-दोन बेटं न कापता ठेवतात. मग मधून पोकळ दांडा वर येतो, त्याच्या टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली निमुळती कळी. पापुद्रा फाटला की आत बारीक हिरवट-पांढऱ्या फुलांचा दाट गेंद, आणि पाकळ्यांच्या बाहेर डोकावणारे पुंकेसर. फुलं गेंदाच्या माथ्यापासून खाली उमलत येतात. मधमाश्या दिवसभर त्यावर असतात. युरोपात तर काही लोक हे झाड बागेत फुलांसाठीही लावतात.

क्योतोजवळ उजी गावी मानपुकुजी हा झेन विहार आहे. चीनमधून आलेल्या इंगेन या भिक्षूनं तो १६६१ साली स्थापला. त्याच्या प्रवेशद्वाराशी एक उभा दगड आहे. उग्र वासाच्या भाज्या आणि मद्य यांना या दारातून आत मज्जाव आहे, अशा अर्थाची अक्षरं त्यावर कोरलेली आहेत. जपानात बऱ्याच झेन विहारांच्या दाराशी असे दगड दिसतात. आजींच्या खोक्यातला तो सोज्ज्वळ दिसणारा नेगी या मज्जावाच्या यादीत आहे.

ही यादी चिनी परंपरेतल्या ब्रह्मजालसूत्रातून येते. पालीतलं ब्रह्मजालसुत्त वेगळं. नाव तेवढं सारखं. महायान भिक्षूंसाठी त्यात पाच उग्र वनस्पती वर्ज्य सांगितल्या आहेत : लसूण, कांद्याच्या कुळातले तीन प्रकार आणि पाचवा चक्क हिंग. सोवळ्यातल्या स्वयंपाकात कांदा-लसणाची उणीव आपण हिंगाच्या फोडणीनं भरून काढतो. चातुर्मासातली आमटी हिंगाशिवाय होत नाही. तोच हिंग तिकडे कांद्याच्या पंक्तीत बसवून दाराबाहेर ठेवलेला आहे. आणि मणिपूरमध्ये वैष्णव मैतेई लोकांच्या देवळातल्या पंगतीत कांदा-लसूण नसतो, पण मारोई चालते. मारोई नाकुप्पी ही चपट्या पानांची बारमाही पात कांद्याच्याच कुळातली, लसणासारख्या वासाची. एका ठिकाणी कांदा बाहेर आणि हिंग आत, दुसऱ्या ठिकाणी दोन्ही बाहेर, तिसऱ्या ठिकाणी कांदा बाहेर आणि त्याची सख्खी चुलत बहीण देवाच्या पंगतीत. दोष जर वस्तूत अंगभूत असता, तर तीन धर्मपरंपरांना तो तीन ठिकाणी दिसला नसता.

झाडाकडे नीट पाहिलं तरी हेच दिसतं. आजींच्या खोक्याशी मी बसून राहायची तेव्हा वास असा येतच नसे. कात्री लागली की दर्प उठे. कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगं एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. पान कापलं, चावलं, चेचलं गेलं की मधल्या भिंती मोडतात, दोन्ही एकत्र येतात आणि तो उग्र वास जन्माला येतो. खायला आलेल्या किड्याला, जनावराला परतवायची ही झाडाची सोय आहे. जिला आपण कांद्याची तामसी वृत्ती म्हणतो ती न दुखावलेल्या पानात जवळजवळ नसतेच. सुरी चालवणाऱ्या हातानंतर ती येते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार येतात. तिथं कांद्याचं नाव नाही. अति तिखट, अति खारट, अति जळजळीत, शिळं, नासलेलं अशी अवस्थेची आणि अतिरेकाची वर्णनं आहेत. कांदा-लसणाचं नाव घेऊन निषेध करणारा ग्रंथ मनुस्मृती. तिच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा, कुत्र्याच्या छत्र्या हे द्विजांना अभक्ष्य सांगितले आहेत. कुणाला अभक्ष्य? द्विजांना. म्हणजे निषेध कांद्यापाशी सुरू होतो आणि माणसांच्या वर्गवारीपाशी पोचतो.

म्हणून सगळे निषेध टाकून द्यावेत, असं मला म्हणायचं नाही. पालीतला विनय, म्हणजे भिक्षुसंघाचे नियम, शिकवताना दोन गोष्टी माझ्या मनात कायमच्या घर करून बसल्या.

चुल्लवग्गात सांगितलं आहे की बुद्ध एकदा धर्म सांगत बसले होते आणि एक भिक्षू सगळ्यांपासून लांब, एकटाच बसला होता. तो असा दूर का, असं बुद्धांनी विचारलं. त्यानं लसूण खाल्ला होता आणि आपल्या तोंडाच्या वासानं इतरांना त्रास होऊ नये म्हणून तो बाजूला बसला होता. जे खाल्ल्यानं अशा धर्मश्रवणाला मुकावं लागतं ते खावंच का, असं बुद्ध म्हणाले आणि भिक्षूंना लसूण वर्ज्य केला. पुढे बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांना पोटात वाताचा त्रास झाला. आधी असं झालं की कशानं बरं वाटायचं, असं मोग्गल्लानांनी विचारलं. उत्तर आलं, लसणानं. बुद्धांनी आजारपणात लसूण खायला लगेच परवानगी दिली.

दुसरी गोष्ट भिक्षुणींची. सावत्थीच्या एका उपासकानं भिक्षुणींना लसूण द्यायचं कबूल केलं होतं आणि आलेल्या प्रत्येकीला दोन-तीन जुड्या द्यायला शेताच्या राखणदाराला सांगून ठेवलं होतं. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी गेली आणि तिनं काही धरबंद न ठेवता शेतातून वाटेल तेवढा लसूण उचलून नेला. राखणदारानं तक्रार केली, ती बुद्धांपर्यंत गेली आणि भिक्षुणींसाठी लसूण न खाण्याचा नियम झाला. याच प्रसंगावरून सोन्याच्या पिसांच्या हंसाची जातककथा सांगितली आहे : एकेक पीस मिळत असताना सगळी एकदम उपटून घेतली आणि ती साधी पिसं झाली.

या दोन्ही कथांत लसणाच्या अंगी काही पाप आहे असं कुणी म्हणत नाही. पहिल्या कथेत शेजारी बसलेल्या माणसाचा विचार आहे, दुसरीत शेतकऱ्याचा. माझ्या खाण्यानं शेजाऱ्याला धर्मापासून दूर व्हायला लागू नये, माझ्या हव्यासानं पिकवणारा नागवला जाऊ नये. निषेधाचा उगम इथं दुसऱ्या माणसाबद्दलच्या काळजीत आहे, म्हणूनच कुणी आजारी पडलं की तो सहज बाजूला होतो.

मग हाच निषेध दुसऱ्या टोकाला कसा गेला? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान हा चिनी भिक्षू भारतात आला. मध्यदेशातले लोक कांदा-लसूण खात नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलं. अपवाद फक्त चांडाळांचा. आणि हे चांडाळ गावाबाहेर राहतात, गावात शिरताना लाकडावर लाकूड वाजवतात, म्हणजे लोक त्यांच्यापासून लांब सरतात, असंही तो सांगतो. विनयाच्या गोष्टीत लसूण खाल्लेला भिक्षू दुसऱ्यांच्या काळजीपोटी स्वतःहून लांब बसला होता. फाहियानच्या वृत्तांतात लांब राहायची सक्ती आहे आणि ती जन्मभराची आहे. अंतर तेच, त्यातला धर्म मात्र निघून गेला.

हे टोक एका पोथीतही दिसतं. १८९० मध्ये हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याला मध्य आशियातल्या कुचा इथं भूर्जपत्रावरची एक जुनी संस्कृत पोथी मिळाली. बॉवर हस्तलिखित म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्या सुरुवातीलाच लसणाचं वैद्यक आहे. लसूण असुराच्या रक्ताच्या थेंबांपासून उगवला, म्हणून ब्राह्मण तो खात नाहीत, असं तिथं म्हटलं आहे. पण औषध तर हवं, म्हणून तोडगाही दिला आहे : गाईला आधी जवळजवळ उपाशी ठेवायचं, मग गवतात लसणाची पात मिसळून चारायची, आणि तिचं दूध, दही, तूप ब्राह्मणानं घ्यायचं. हा मजकूर मी वर्गात वाचून दाखवत असे तेव्हा मुलं हसत. मला त्यात केवळ पळवाट दिसत नाही. लसूण पोटात जातो आहे हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं. सांभाळायचं होतं ते पोट नव्हतंच, सांभाळायची होती ती ओळख.

हे ओळख सांभाळणं मी आमच्या घराच्या परसात पाहिलं. धुणं-भांड्याला एक बाई येत. सगळे त्यांना मावशी म्हणत. दुपारी त्या मागच्या पायरीवर बसत, फडकं सोडून भाकरी काढत, मुठीनं कांदा फोडत आणि मिठाच्या खड्याशी खात. चातुर्मास लागला की सासूबाई त्यांना म्हणत, "मावशी, तेवढं परसाच्या दाराबाहेर बसून खा हो." मावशी काही न बोलता फडकं उचलून भिंतीपलीकडे जात. पावसाची झड असली की वळचणीला उभ्याउभ्याच खात. सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांचं व्रत खरं होतं. कांद्याची भजी हा त्यांचा जीव की प्राण, म्हणूनच त्या चार महिने ती सोडत. जिभेवरचा तो ताबा मी पाहिलेला आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण कार्तिकी झाली, आमच्या ताटात कांदा परतला, तरी मावशींचा चहाचा कप कोनाड्यातच राहिला. चार महिने ज्याचं कारण कांदा सांगितलं जाई, ते उरलेले आठ महिने कांद्यावाचूनही चालू होतं.

शुद्धी नेमकी कशाची, या प्रश्नाची कल्पना शास्त्रकारांना नव्हती असं नाही. आहार शुद्ध तर अंतःकरण शुद्ध, असं छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी येतं. या ‘आहारा’त शंकराचार्य इंद्रियांनी आत घेतलेलं सगळंच धरतात : डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. ते राग, द्वेष, मोह यांच्यावाचून आत यावं, ही त्यांची शुद्धी. रामानुजाचार्य आहार म्हणजे अन्नच घेतात आणि अन्नाचे तीन दोष सांगतात : वस्तूच्या जातीचा, ते ज्याच्याकडून आलं त्याचा, आणि केस-कचरा पडल्यासारख्या निमित्ताचा. विवेकानंदांनी ‘भक्तियोगा’त दोन्ही अर्थ शेजारी मांडले आहेत आणि साधकाला दोन्ही हवेत असं म्हटलं आहे. मला शंकराचार्यांचा अर्थ आधी घ्यावासा वाटतो, कारण त्यानं दुसऱ्या अर्थाला लगाम बसतो. ताटात कांदा नाही, पण दाराबाहेर जेवणाऱ्या माणसाकडे पाहणाऱ्या नजरेत तुच्छता आहे, तर त्या दिवशीचा आहार शुद्ध कसा म्हणायचा? घशाखाली गेला नाही तो कांदा. मनात गेली ती तुच्छता.

क्योतोत मला दिसलं ते याच संदर्भात मोलाचं वाटलं. विहाराच्या दाराशी ज्याला अडवलं, त्याच नेगीचं फूल तिथं मानाच्या जागी आहे. कामो नदीवरच्या सांजो पुलाच्या कठड्यावर खांबाखांबाच्या माथ्यावर काशाचे निमुळते कळस आहेत. काही जण त्यांना बुद्धाच्या चिंतामणीचा आकार म्हणतात, काही जण नेगीच्या कळीचा. आजींच्या खोक्यातली पापुद्र्यातली कळी पाहिली की दुसरं म्हणणं सहज पटतं. जपानच्या सम्राटाच्या एका प्रकारच्या पालखीच्या शिखरावर सोनेरी नेगीचं फूल असतं. २४ फेब्रुवारी १९८९ ला सम्राट शोवांच्या अंत्यविधीत त्यांची शवपेटी अशाच पालखीतून नेली. आणि कुजो भागात एक दंतकथा सांगतात : तोजी विहाराचे आचार्य कुकाई यांच्या पाठीस मोठा साप लागला, ते नेगीच्या शेतात शिरून लपले आणि वाचले. ज्यांच्या विनयात नेगी वर्ज्य, त्याच आचार्यांना नेगीनं आसरा दिला, हे लोकांनी प्रेमानं लक्षात ठेवलं.

त्या समाजाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. कातडं कमावणाऱ्या आणि जनावरं कापणाऱ्या लोकांच्या वाट्याला जपानातही पिढ्यान्‌पिढ्या बहिष्कार आला. पण या एका वनस्पतीपुरतं त्यांनी एक गोष्ट साधली : तिला वर्ज्य केलं आणि तिचा तिरस्कार केला नाही. भिक्षू तो खात नाही आणि दाराबाहेरच्या आजी तो पिकवतात. त्यामुळे आजी कमी ठरत नाहीत. सोडलेल्या वस्तूचा द्वेष केला की ती खाणाऱ्या माणसाचा द्वेष फार लांब राहत नाही.

आपल्याकडे हे शहाणपण आयात करावं लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी तेराव्या शतकात आपल्या मळ्यातच राबले. १२९५ मध्ये तिथंच त्यांनी देह ठेवला. कांदा, मुळा, भाजी हाच माझा देव, असं त्यांनी आपल्या अभंगातून सांगितलं. ते पंढरीला गेले नाहीत, म्हणून पांडुरंगाची पालखी अरणला जाते, असा वारकरी परंपरेचा भाव आहे. ज्या महिन्यात आम्ही कांदा घराबाहेर काढतो, त्याच आषाढात देव कांद्याच्या मळ्याच्या भेटीला निघतो. यातलं एक खोटं ठरवायची मला गरज वाटत नाही. सोडणारी भक्तीही भक्ती आहे आणि पिकवणारीही. सोडणारीनं पिकवणाऱ्याला दाराबाहेर बसवलं की मात्र ती भक्ती राहत नाही.

मी यंदाही चातुर्मासात कांदा सोडणार आहे. आवडती वस्तू चार महिने दूर ठेवून जगता येतं, हे शरीराला दरवर्षी नव्यानं शिकवावं लागतं आणि त्यातून मन हलकं होतं, हा माझा अनुभव आहे. पण या व्रताची हद्द माझ्या पानापुरती आहे. घरी कामाला येणाऱ्या मुलीच्या डब्यात कांद्याची चटणी असेल तर ती माझ्या टेबलाशी बसून जेवते आणि त्यानं माझं व्रत मोडत नाही. दुसऱ्याच्या पानात डोकावून मी त्याची पायरी ठरवू लागले, तर ते त्या क्षणी मोडलं; मग चार महिन्यांत कांद्याला हातसुद्धा लावलेला नसला तरी.